देवराई: मुळशीतली सगळ्यात जुनी बाग आणि तिचा सातबारा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत.)

हिंजवडीच्या सिग्नलला अडकला असाल तर निवांत ऐका, वेळ भरपूर आहे तुमच्याकडे.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो फेज तीनजवळ भाड्यानं राहतो. त्याचे आईवडील गावाहून आले होते. वडलांना रोज सकाळी बागेत फिरायची सवय. त्यानं विचारलं, "दादा, इथं जवळ एखादी सार्वजनिक बाग आहे का? सोसायटीतली नको, तिथं बाबांना चार चकरांत कंटाळा येतो."

मी चार-पाच जणांना फोन केले. सगळ्यांचं उत्तर साधारण एकच. "सोसायटीत आहे की गार्डन." किंवा मग, "बाणेरला जा ना." म्हणजे बागेत फिरायला आधी गाडी काढा, ट्रॅफिकमधून जा, पार्किंग शोधा आणि मग फिरा.

तर आजचा विषय बाग. आणि तालुका मुळशी, कारण हिंजवडी पुण्यात आहे असं आपण सगळे म्हणत असलो तरी ती मुळशी तालुक्यात आहे. तालुक्याचं ठिकाण पौड. आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी पौड फक्त ताम्हिणीला जाताना वडापाव खायला थांबतो तेवढंच पाहिलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यात खूप गोंधळ होतो. नियमाप्रमाणे ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट केला तर त्यातली १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियमावलीत हे आहे, आधीच्या नियमांतही होतं. आपल्या सोसायटीतली घसरगुंडी, ते लॉन आणि 'गवतावर चालू नये' ही पाटी त्या १० टक्क्यांत येते. पण ती जागा त्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांची. गेटबाहेरच्या वॉचमनच्या पोराची नाही, शेजारच्या वाडीतल्या आजीची नाही. सार्वजनिक बाग हवी असेल तर ती विकास आराखड्यात आरक्षण म्हणून दाखवावी लागते, ती जागा ताब्यात घ्यावी लागते, आणि मग कुणीतरी झाडांना पाणी घालावं लागतं. शहरात हे महापालिका करते. इथं ग्रामपंचायत आहे, पीएमआरडीए आहे, एमआयडीसी आहे. तिघांत बाग नक्की कुणाचं काम, हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारून बघा. तीन माणसं तीन नावं सांगतील.

आराखड्यात नाव असल्यानं काय फरक पडतो त्याचं एक उदाहरण सांगतो, पुढं उपयोगी पडेल. बंगळूरमध्ये एका वस्तीत बागेसाठी राखलेली जागा सरकारनं खासगी हॉस्पिटलसाठी देऊन टाकली. हॉस्पिटल म्हटल्यावर विरोध तरी कोण करणार? पण तिथले रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. मोकळी जागा ही वस्तीतल्या लोकांची गरज आहे, सरकारला मनात आलं म्हणून ती दुसऱ्याला देता येत नाही, असा त्याचा अर्थ. ते लोक जिंकले, कारण मंजूर नकाशात ती जागा 'बाग' म्हणून लिहिलेली होती. हे लिहिलेलं असणं लक्षात ठेवा.

आता मुळशी. इथं गावोगावी बाग होती. तिला बाग म्हणत नव्हते. राई म्हणायचे. देवराई.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गावाच्या कडेला, बहुतेक उतारावर किंवा ओढ्याच्या उगमापाशी, झाडांचा एक दाट पुंजका. बाहेर एप्रिलचं ऊन, पिवळं गवत, आणि आत पाऊल टाकलं की अंधार आणि गारवा. हिरडा, आंबा, जांभूळ, अंजनी, उंबर, भेरली माड. गारंबीच्या वेली, मांडीएवढ्या जाड, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. नशीब असेल तर शेकरू दिसतं, आपला राज्यप्राणी. मध्ये कुठंतरी शेंदूर लावलेला दगड किंवा कौलारू छोटं देऊळ. वाघजाई, काळकाई, विंझाई, म्हसोबा, ज्या गावचा जो देव तो. नियम एकच. राईतलं काही तोडायचं नाही. काही गावांत तर पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. फारच गरज पडली, समजा देवळाचं छप्पर कोसळलं, तर देवाला कौल लावायचा. मूर्तीला फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे आणि उजवं पडतंय की डावं ते बघायचं. देव नाही म्हणाला तर कुऱ्हाड घरी.

यावर पहिलं नीट शास्त्रीय काम पुण्यातच झालं. माधव गाडगीळ हार्वर्डहून परत आले आणि १९७१ मध्ये आजच्या आघारकर संशोधन संस्थेत लागले. तिथं वा. द. वर्तक नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हे दोघं सह्याद्रीत गावोगाव पायी फिरले आणि देवरायांच्या नोंदी केल्या. १९७५-७६ च्या सुमारास त्यांचे लेख आले. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची आहे. तिथली राई तोडीला निघाली होती. गावकऱ्यांना कळलं की पुण्याचे कुणी शास्त्रज्ञ देवरायांत रस घेतायत, तर त्यांनी या दोघांना गाठलं. गाडगीळांना वाटलं, लोक देवाच्या भीतीनं बोलत असतील. गावकऱ्यांनी सांगितलं ते वेगळंच. आजूबाजूचं सगळं रान गेलंय, ओढ्याला पाणी उरलंय ते फक्त या राईमुळं. पुढं शब्द टाकला गेला आणि ती तोड थांबली.

म्हणजे बघा, 'अंधश्रद्धाळू खेडूत आणि शहाणे शास्त्रज्ञ' अशी जी गोष्ट आपल्याला सवयीनं सुचते, ती इथं बसत नाही. गावाला ओढ्याचं पाणी कुठून येतं ते माहीत होतं.

मुळशीत हे पाणी फार विचित्र आहे. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, बातम्यांत तुम्ही वाचलं असेल. आणि त्याच पट्ट्यातल्या वाड्या एप्रिल-मे मध्ये हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात. उघड्या उतारावर पडलेला पाऊस तासाभरात खाली जातो. राईत पडलेला आधी पानांवर अडतो, मग खालच्या पाचोळ्यात, मग मुळांच्या वाटेनं जमिनीत मुरतो आणि महिनोन्‌महिने झिरपत राहतो. कॉलेजात हायड्रॉलॉजी नव्हतं मला, पण एवढं समजायला ती लागत नाही. राईच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात हात घालून बघा.

मग या राया कमी का झाल्या?

मुळशीला एक मोठी जखम सगळ्यांना माहीत असायला हवी, ती म्हणजे धरण. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा-निळा खोऱ्यातली गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि त्यांना 'सेनापती' हे नाव या लढ्यात मिळालं. विनायकराव भुस्कुटे दुसरे मोठे नेते. जगातल्या पहिल्या धरणविरोधी आंदोलनांत याची गणना होते. तीनेक वर्षं चाललं आणि हरलं. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं गेल्या. शेतं गेली, घरं गेली, आणि खोऱ्यातले देव आणि त्यांची रानं पण गेली. नुकसानभरपाईचा हिशोब शेताचा झाला. राईचा हिशोब कसा लावणार? ती कुणाच्या नावावर?

त्यानंतर कोळसा. धरणांमुळं आणि घाटरस्त्यांमुळं आत गाडी जायला लागली, तसे ठेकेदार आले. मालकीच्या रानातली झाडं किरकोळ पैशांत विकत घेऊन भट्ट्या लावायचे. माझी आजी लहानपणी भट्टीवर माती लिंपायला जायची. ती म्हणायची, "पोटाला पायजे व्हतं, रानाला कोण इचारतंय." पण राईला त्यांनी हात लावला नाही. "तिथं ठेकेदार बी बिचकायचा."

आणि हल्ली काय होतं? हल्ली राईला मारतो तो जीर्णोद्धार. हे मला जरा सावकाश सांगू द्या, कारण हे आमच्याच गावात झालं. गावाचं नाव घेत नाही, तुमच्या पण गावात हेच चालू असेल.

आमचे बरेच लोक मुंबईत आहेत. मुळशी-मावळची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोचवतात हे तुम्हाला ठाऊक असेलच, माझे धाकटे चुलते त्यातलेच. दोन वर्षांपूर्वी ठरलं की देवीचं जुनं कौलारू देऊळ उतरवून नवं बांधायचं. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली. चुलत्यांचे अकरा हजार. ज्यांच्या जमिनी गेल्यात आणि पैसा आलाय, त्यांचे लाख. आराखडा आला. शिखर, चाळीस फुटांचा सभामंडप, पुढं पेव्हर ब्लॉक, आणि गाड्या लावायला जागा. त्यासाठी अकरा झाडं काढायची होती. त्यात हिरडे चार, जांभळं तीन, एक आंबा, बाकी इतर.

मी आणि माझ्या दोन मित्रांनी एका रविवारी टेप घेऊन झाडं मोजली. छातीच्या उंचीवर घेर, फोनवरून लोकेशन, फोटो, सगळं एका शीटमध्ये. सगळ्यात मोठ्या आंब्याचा घेर पावणेपाच मीटर भरला. हा उद्योग बघून गावातल्या पोरांनी माझं नाव 'तलाठी' ठेवलं.

बैठकीत मी पहिलं बोललो ते कायद्याचं. हिरडा, आंबा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सगळे गप्प झाले, पण पटलं म्हणून नाही. नोकरीवाला पोरगा कायदा शिकवतोय म्हणून. एक काका म्हणाले, "आरं, देवीसाठीच करतोय ना? तुला देऊळ नको का?"

मग गुरवआबा बोलले. ऐंशीच्या पुढचे आहेत. ते म्हणाले, "देऊळ परवा झालं. आदी ही राईच देवी व्हती. झाडं काडायची तर कौल लावा." कौल लावायला कुणी पुढं आलं नाही. वाद तिथंच थांबला असं नाही, आणखी तीन बैठका झाल्या, एकदा चुलते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी मंडप निम्म्यावर आला आणि जुन्या खळ्याच्या जागेवर सरकला. अकराऐवजी तीन झाडं गेली, परवानगी काढून. आंबा राहिला. पेव्हर ब्लॉक मात्र झालेच. पावसाळ्यात त्यावरून घसरून माझ्या आत्याचा हात मोडला, आणि तरी आत्या म्हणते, किती सवच्छ दिसतंय.

इथं एक गोष्ट मला टाळायची नाही. देवराईबद्दल बोलताना आपण फार हळवे होतो. काही रायांत बायकांना आत जायची मनाई होती, काही ठिकाणी अजून आहे. काही जातींच्या माणसांनी कुठपर्यंत यायचं याची रेघ ठरलेली होती. ती सगळ्या गावानं राखली, पण ती सगळ्या गावासाठी उघडी होतीच असं नाही. सार्वजनिक बाग ही कल्पना या बाबतीत चांगली आहे. सारसबागेत तुम्ही कोण आहात हे कुणी विचारत नाही. तिथं भेळ खा, झोपा, भांडा. मला राई वाचवायची आहे ती त्या मनाईसकट नाही. आमच्या झाडमोजणीत तिसरी व्यक्ती माझी चुलतबहीण होती, आणि आतल्या ओढ्यापर्यंत ती आमच्यासोबत आली. आबांनी बघितलं. काही बोलले नाहीत.

आता सातबारा. हा भाग करायचं खरं कारण हेच.

झाडं मोजून झाल्यावर मला प्रश्न पडला की राई कुणाच्या मालकीची आहे. गावात विचारलं तर सगळे म्हणतात, देवीची. महाभूलेखच्या साइटवर जाऊन गट नंबर टाकले. विनास्वाक्षरीचा उतारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत मिळतो. शेजारी महाभूनकाशा उघडला. आम्ही जिला एक राई म्हणतो ती कागदावर तीन तुकड्यांत आहे. देवळाभोवतीचा तुकडा देवीच्या नावावर, देवस्थानाची जमीन. मधला तुकडा सरकारचा. आणि वरचा उतार, जिथून झरा निघतो तो, एका कुटुंबाच्या नावावर होता आणि तो काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका माणसानं रीतसर विकत घेतलाय. फार्महाउससाठी. त्यानं काही चुकीचं केलेलं नाही. त्याच्या उताऱ्यावर 'देवराई' हा शब्दच नाही. त्याला कळणार कसं?

म्हणजे आबांच्या डोक्यात एक हद्द आहे, नकाशात दुसरी. आबा गेले की पहिली जाईल.

म्हणून कागदावर आणायचं काम. आमच्यापुढं जे रस्ते आहेत ते सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती वही कुणीतरी बाहेरून भरून कपाटात ठेवलेली असते. ती मागून बघा. तुमच्या राईची ओळ आहे का, झाडांची नावं आहेत का, हद्द लिहिली आहे का. याच कायद्यात जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करायची सोय आहे. पुण्यातलं गणेशखिंड उद्यान, १८७३ चं, २०२० मध्ये असं वारसा स्थळ झालं, ३३ हेक्टर. आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेची देवराई, जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, ती फक्त अडीच हेक्टरच्या आसपास आहे आणि तिलाही हा दर्जा मिळाला. त्यामुळं 'आमची राई एवढीशीच' म्हणून गप्प बसू नका.

दुसरं, १८ डिसेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. तो राजस्थानच्या 'ओरण' रानांबद्दल आहे. कोर्टानं सांगितलं की अशा प्रत्येक देवरानाची जागेवर जाऊन आणि उपग्रहावरून मोजणी करा, नोंद करा, आकार लहान-मोठा बघू नका. केंद्र सरकारनं देशभरातल्या अशा रानांसाठी धोरण करावं, असंही म्हटलंय. निकाल राजस्थानचा असला तरी ग्रामसभेत वाचून दाखवायला चांगला आहे. मी त्याचं दोन पानी मराठी केलंय, मेसेज करा, पाठवतो.

आणि त्या श्रोत्याच्या वडलांचं काय? त्यांच्यासाठी मी एवढंच करू शकलो की त्यांना एका रविवारी आमच्या राईत घेऊन गेलो. हिंजवडीपासून गाडीनं बराच वेळ लागतो, म्हणजे रोजची बाग काही ती होणार नाही. त्यांना फेज तीनमध्येच हवी आहे आणि ती मागणी बरोबर आहे. जो आराखडा तुमच्या गावाला लागू आहे त्यात हिरवा ठिपका कुठं आहे ते शोधा. सापडला तर त्या जागेवर जाऊन उभे राहा आणि आज तिथं काय आहे त्याचा फोटो काढा. मला पाठवा. पुढच्या भागात आपण ते फोटो आणि नकाशे शेजारी शेजारी ठेवून बोलू.

काका राईत तासभर बसले. गारंबीची एक शेंग उचलून बॅगेत टाकत होते, तर आबांनी लांबूनच हाक मारली, "पाव्हणं, ठिवा ती. हितलं हितंच ऱ्हातंय." काकांनी ठेवली.

आमचा ठराव १ मेच्या ग्रामसभेत आहे. राईच्या तिन्ही तुकड्यांची एकत्र मोजणी करून नोंदवहीत हद्द लिहायची, असा. वरच्या उताराच्या मालकांना पत्र लिहिलंय, त्यांनी फोन केला, नकाशा मागितला, येऊन बघतो म्हणाले. चुलते मुंबईहून येणार आहेत. ते हात वर करतील की नाही, मला अजून माहीत नाही.

चला, सिग्नल सुटला असेल. भेटू.